अण्णाचं वेगळं ताट

घरात एखादा माणूस देवाच्या कामाला लागला की त्या घरावर कृपा झाली, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरात तसा माणूस नसतो. आमच्या घरात होता. माझा थोरला भाऊ प्रेमानंद, मी त्याला अण्णा म्हणायची. बेळगावात कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन, तिथलंच कसलंसं तरुणांचं शिबिर करून तो निपाणीला परत आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन शर्ट होते आणि बाकी सगळ्या पत्रिका. गुलाबी कागदावर छापलेल्या, वर ठळक अक्षरांत ‘मेल्यावर तुम्ही कुठे जाणार?’ नोकरीचा कॉल यायचा होता. तो येईपर्यंत बसून काय करायचं, तर आमच्या गल्लीचा उद्धार करायचा, असं त्याने ठरवलं होतं. गल्लीला कुणी विचारलं नव्हतं.

आमची गल्ली तंबाखूच्या वखारीला लागून होती. हंगामात वारं फिरलं की अख्खी गल्ली शिंकायची, त्यामुळे शिंकेवरून शकुन-अपशकुन बघायची चैन आमच्याकडे कुणाला परवडायची नाही. पप्पा शाळामास्तर. संध्याकाळी पुढच्या सोप्यात पेटी घेऊन बसायचे आणि आमची चर्चमधली भजनं वाजवायचे. पेटीचा एक सूर अडकायचा, तिथे ते नुसतं ‘हं’ म्हणून पुढे जायचे, आणि आम्हांला ते ‘हं’ भजनातलंच वाटायचं. परसात आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये छातीएवढी भिंत होती. भिंतीपलीकडे काकी, तिचे मालक आप्पा, जे वखारीत मुकादम होते, आणि त्यांची एकुलती एक मंगल, माझी मैत्रीण. त्या भिंतीवरून दिवसभर वाट्या जायच्या यायच्या. आमच्याकडे मटण शिजलं की आईच्या आधी काकीला वास लागायचा. ‘बाई, रश्श्यात खोबरं कमी पडलंय बघा,’ ती पलीकडूनच सांगायची. चव न घेता सांगायची आणि खरं असायचं, याचा आईला फार राग यायचा.

काकीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं. आई कुंकू लावत नसे. काकी कुंकवाचं बोट आईच्या कपाळापर्यंत न्यायची, तिथून परत घ्यायची आणि हातात गजरा ठेवायची. दिवाळीचा त्यांचा आकाशकंदील उतरला की तो आमच्याकडे यायचा, पप्पा त्याला खाली कागदाची शेपटी चिकटवायचे आणि तो नाताळचा तारा म्हणून आमच्या दारात लटकायचा. ‘तुमची दिवाळी जरा उशिरा येतीया,’ एवढंच आप्पा म्हणायचे. दिवाळीला त्यांचं फराळाचं ताट आमच्याकडे, नाताळला आमचं त्यांच्याकडे. ताट परत करायचं ते कधी रिकामं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून. हे सगळं दोघींनी कधी ठरवलं, कुणास ठाऊक. बैठक झाली नव्हती, ठराव झाला नव्हता. ज्यासाठी हल्ली हॉटेलात एसी लावून परिषदा भरवतात, ते आमच्या परसात दोन बायका भांडी घासता घासता उरकून मोकळ्या झाल्या होत्या.

आणि मंगलचं आणि माझं एक ठरलं होतं. आमच्याकडे नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत पाठराखीण जाते. परक्या घरात पहिले काही दिवस तिच्याजवळ झोपायला, तिचं डोकं दुखलं तर ओळखायला, माहेरचं एक माणूस. मंगलची पाठराखीण मी. हे आम्ही भातुकलीच्या वयात ठरवलं होतं आणि त्यात बदल होईल असं दोघींच्या डोक्यातही नव्हतं. मंगलला बोरगावचं स्थळ आलं, सुपारी फुटली, माघातली तारीख धरली, तेव्हा ती भिंतीवरून अर्धी ओणवून मला म्हणाली, “रुते, तुझी पिशवी भरून ठीव. त्या घरात मला कोण बी ओळखत न्हाय. तू न्हाय आलीस तर मी रडून रडून मरतो बघ.” आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी रडतो’ असंच म्हणतात. शहरातल्या लोकांना हसू येतं, त्यांना येऊ दे.

तर अशा या व्यवस्थित चाललेल्या गल्लीत अण्णा उतरला. पूर्वी हाच अण्णा गल्लीतल्या सायकलींच्या चेन बसवायचा, कबड्डीचा पंच असायचा, आणि आमच्या कट्ट्यावर त्याच्या दोस्तांमुळे बसायला जागा नसायची. आता तो प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांत डोळे घालून विचारायचा, “तुमचं तारण झालंय का?” तारण म्हणजे आमच्या चर्चच्या भाषेत पापातून सुटका. विचारायचा तेही पुस्तकी मराठीत. शिबिरात त्याची भाषासुद्धा धुऊन इस्त्री करून दिली होती. न्हाव्याला विचारलं, तर त्याने कानाशी वस्तरा थांबवून ‘मालक, गप बसा, कापंल’ म्हटलं. आप्पांना विचारलं. आप्पा भले माणूस. म्हणाले, “झालं असंल बाबा. मंगलीच्या आईला इचारून सांगतो.” हळूहळू लोक त्याला बघून रस्ता बदलायला लागले. कट्टा रिकामा पडला. स्वच्छ राहिला, एवढाच काय तो फायदा. अण्णाला मात्र वाटायचं, लोकांना सत्याची भीती वाटते. लोकांना त्याची भीती वाटत होती. घरात यंदा आकाशकंदील नको असं फर्मान निघालं, सिनेमा बंद झाला, आईने काकीकडचा गजरा माळला तर अण्णा जेवताना उसासे टाकायचा. पप्पा गप्प बसायचे, आणि पप्पांचं गप्प बसणं हा अण्णाला आपला विजय वाटायचा.

दिवाळीला मंगल ताट घेऊन आली. वर तिनेच विणलेला क्रोशाचा रुमाल. अण्णा दारातच उभा.

“सर की बाजूला. लाडू गरम हाईत.”

“मंगल, हे देवाला दाखवलंय का?”

“मग काय तुला दाखवून आणू?”

“मूर्तीपुढे ठेवलेलं आम्ही खात नाही.”

“कवापास्नं? गेल्या दिवाळीला माझ्या वाटणीच्या चकल्या बी तूच खाल्लास.”

“तेव्हा मी अंधारात होतो.”

“अंधारात न्हाय, आमच्या सोप्यात हुतास.”

मी आत फिदकन हसले. तिथेच थांबला असता तरी निभावलं असतं. मंगल त्याला ओळखत होती, चिडवून चिडवून तिने त्याच्या तोंडात लाडू कोंबला असता. पण अण्णाने खिशातून गुलाबी पत्रिका काढली आणि ताटावरच्या रुमालावर ठेवली. मंगलने वाचलं. मेल्यावर तुम्ही कुठे जाणार. ऐन दिवाळीत, सुपारी फुटलेल्या पोरीला. तिचं हसू गेलं. ती वळली आणि ताट घेऊन परत गेली. मी मागे धावले तर काकीने दारात हात आडवा धरला. “नगो रुते. माझी पोरगी सासरला निघालीया, आन् तुझा भाऊ तिच्या मरणाचं इचारतोय. देव मोठा असंल तुमचा, पर वाईच रीत शिकवायची त्याला.”

आप्पांना राग धरता येत नसे. ते संध्याकाळी पप्पांना म्हणाले, “मास्तर, ह्या गावाला जितेपणी कुठल्या राज्यात जायचं त्येच ठरंना झालंय, आन् तुमचा पोरगा मेल्यावरचं इचारालाय.” पप्पा हसले, पण त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली नाही. परसातली भिंत सुनी पडली. वाट्या थांबल्या. काकी धुणं वाळत घालायची ते भिंतीकडे पाठ करून. आणि दोन-चार दिवसांत पाण्याच्या नळावर कुणाकडून तरी कानावर आलं की पाठराखीण म्हणून मंगलची खानापूरची मावसबहीण जाणार आहे. मी घागर भरायची सोडून घरी आले आणि चुलीपुढे बसून रडले. धुरामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. अण्णा मात्र माझ्याजवळ बसून समजावू लागला की सत्यासाठी मैत्रीचा त्याग करावा लागतो. त्याग माझ्या मैत्रीचा, आणि करणार तो. असा स्वस्त त्याग मी पुन्हा कधी पाहिला नाही.

नाताळ आला. आई करंज्या, शंकरपाळी, अनारसे करत बसली होती. मनात आशा होती की फराळाने सगळं जुळेल. आजवर फराळाने जुळलं नाही असं काही तिला माहीत नव्हतं. ताटं भरली, झाकली आणि आंघोळीला गेली. तेवढ्यात आमच्या संतपुरुषाने प्रत्येक ताटात करंज्यांखाली एकेक पत्रिका सारली आणि स्वतःच घरोघर पोचवून आला, वर ‘आई, आज मी तुझं काम केलं’ म्हणून कौतुकाची वाट बघत बसला. देवाच्या कामात त्याने एकच गोष्ट हिशेबात धरली नव्हती, ती म्हणजे तूप. गरम करंजीचं तूप कागदात उतरलं आणि कागदाचा रंग, वरच्या शाईसकट, करंजीत. लोकांनी करंजी उचलली तर तिच्या पोटाला गुलाबी डाग आणि त्यात उलटी अक्षरं. एका घरात तर म्हणे ‘नरक’ एवढं अगदी स्वच्छ वाचता येत होतं. आरशात धरावं लागलं, इतकंच.

ताटं परत आली. एकामागून एक, घासूनपुसून लख्ख आणि रिकामी. साखरेचा कणसुद्धा नाही. आमच्या गल्लीत कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर याहून मोठी शिवी नाही. आईने ती ओट्यावर ओळीने उभी करून ठेवली, फडताळात लावली नाहीत. अण्णा जाता येता बघायचा. “काय करायचं त्यांचं?” असं त्याने विचारलं, तेव्हा आई म्हणाली, “राहू दे. तुझ्या सेवेचं पीक आहे, बघत बस.” आई त्याच्यावर कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. काकीकडचं ताट मात्र परतच आलं नाही. मला वाटलं, काकीने ते उकिरड्यावर टाकलं असणार.

नाही टाकलं. माघ लागला आणि एका सकाळी आप्पा ते ताट घेऊन दारात आले. ताटात साखर, अक्षता आणि लग्नाची पत्रिका. मला तर बघूनच भरून आलं. आप्पा सोप्यात टेकले, चहा घेतला, आणि निघताना अण्णाकडे वळून अगदी मायेने म्हणाले, “तू बी यायचं रं पोरा. काळजी करू नगो. मंगलीच्या आईनं तुझ्यापुरतं येगळं काढून ठेवायचं ठरवलंय. नैवेद्य दाखवायच्या आदी. येगळ्या भगुल्यात. तुझा धरम बाटाय नगो.”

त्या घरात नैवेद्याआधी कुणी भाजीतलं मीठ चाखलं तरी काकी पाठीत धपाटा घालायची. आप्पासुद्धा सणाला ताटकळत बसायचे. तिने स्वतःच्या देवाला मागे ठेवून माझ्या भावाचा घास आधी काढायचं ठरवलं होतं, आणि तेही पोरीच्या लग्नात. पाठराखणीचं मात्र आप्पा काही बोलले नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही. ते गेल्यावर अण्णाचा चेहरा उजळला. “पाहिलंत? आपण ठाम राहिलो की लोक मान देतात.”

पप्पा पेटी पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

“माझ्या आजोबाला गावात चहा वेगळ्या कपात मिळायचा,” ते म्हणाले. “कप गोठ्याच्या खांबाला टांगलेला असायचा. प्यायचा, आपला आपण विसळायचा, परत टांगायचा. तो कप नको, म्हणून तो मिशनच्या साहेबाच्या मागं गेला. प्रभू त्याला भेटला तो नंतर. एका भांड्यातलं जेवायला आपल्या घराला तीन पिढ्या लागल्या, बाळ. काकीनं ते कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही, भिंतीवरून वाटी सरकवली. आणि तू दिवाळीपासून माघापर्यंत खटपट करून वेगळं भगुलं परत मागून आणलंस.”

“पप्पा, तो विषय वेगळा आहे. ही श्रद्धेची गोष्ट आहे.”

“असेल. भगुल्याला ते कळत नाही,” पप्पा म्हणाले आणि परत पेटी पुसायला लागले. अण्णा त्या दिवशी बाहेर पडला नाही. पत्रिकांची ट्रंक पलंगाखाली ढकलून त्यावर बसला, म्हणजे पलंगावर. मी मनात म्हटलं, बोलणं आतपर्यंत गेलं असेल तर दिसेलच, नाहीतर उद्या आहेच परत तारण.

लग्नाचा मांडव गल्लीतच पडला. मी वाढायला होते, कारण मंगलच्या खोलीत खानापूरची मावसबहीण बसली होती आणि तिथे मला जागा नव्हती. पुरुषांची पंगत बसली. पप्पा, त्यांच्याशेजारी अण्णा, आणि अण्णाच्या दुसऱ्या बाजूला नवऱ्यामुलाचे चुलते, बोरगावचे, डोक्याला भलाथोरला फेटा. बुंदी, मसालेभात, वांग्याची भाजी, सगळं फिरलं. अण्णाची पत्रावळ कोरी. मग काकी स्वतः आली, पदर खोचलेला, हातात लहान झाकलेलं भगुलं. तिच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं! लग्नाच्या एवढ्या धांदलीत तिने ते लक्षात ठेवलं होतं.

चुलत्यांनी भगुल्याकडे पाहिलं, अण्णाकडे पाहिलं. हात थांबला.

“ह्यास्नी येगळं का वाढालाय, विहीणबाई? कुठलं म्हनायचं हे पाव्हणं?”

‘कुठलं’ म्हणजे गाव नव्हे, हे पंगतीतल्या प्रत्येकाला कळलं. माणसं चावायची थांबली. चुलत्यांनी मांडी अण्णापासून हळूच लांब सरकवली. काकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने प्रेमाने केलेलं काम भर मांडवात काय दिसत होतं ते तिला तेव्हा कळलं. बिचारी ना पुढे ना मागे, भगुलं धरून उभी. पप्पा खाली बघत होते. त्यांच्या कानशिलाची शीर मला लांबूनही दिसली. मी बुंदीची परात घेऊन जागीच थांबले. मला वाटलं, संपलं. आता हा उठणार आणि प्रवचन देणार. साक्ष द्यायला एवढी मोठी, गप्प बसलेली, उठून जाऊ न शकणारी मंडळी त्याला जन्मात मिळाली नव्हती. गुलाबी कागदावरचं सगळं त्याला पाठ होतं.

अण्णाने तोंड उघडलं, आणि आतून शिबिरातली नाही, आमच्या गल्लीतली भाषा आली.

“मी मास्तरांचा थोरला, पलीकडच्या घरातला. आम्ही चर्चला जातो. ह्या घरात येगळं काय नसतंय, मामा. येगळं मीच मागिटलं हुतं. खुळा हाय मी.” मग काकीकडे वळून, “काकी, ते भगुलं ठेवा आत. सगळ्यास्नी वाढलंय त्यातलंच वाढा. आन् बुंदी जास्त.”

काकीचे डोळे भरले. भगुलं तिने माझ्या हातात कोंबलं, परात माझ्याकडून ओढली आणि अण्णाच्या पत्रावळीवर बुंदीचा ढीग घातला. अण्णाने डोळे मिटून हात जोडले. प्रार्थना लांबली, ती सवय जाणार होती थोडीच. फेटेवाले चुलते क्षणभर गोंधळले. मग पप्पांकडे, मग आप्पांकडे बघितलं, आणि इकडची रीत असावी असं समजून त्यांनीही हात जोडले. डोळे उघडल्यावर म्हणाले, “झालं न्हवं? जेवा आता, भात गार हुतोय.” सरकवलेली मांडी परत जागेवर आली की नाही, ते मी नीट बघितलं. सगळी नाही आली. अर्धी आली. तेवढ्यावर आमच्या देशात बरंच निभावतं.

अण्णा सुधारला, असं वाटून कुणी माझं अभिनंदन करू नये. आता तो बेळगावच्या विमानतळाजवळ, सांबऱ्याला राहतो. डोक्यावरून विमान गेलं की त्याची जेवणाआधीची प्रार्थना तेवढ्यापुरती थांबते आणि मागच्या वाक्यापासून परत सुरू होते, भाजीवर साय धरते. रोज पहाटे व्हॉट्सअॅपवर वचन पाठवतो. मंगलला पण पाठवतो. मंगल उलट गणपती पाठवते. गेली कित्येक वर्षं हे दोघं एकमेकांचा उद्धार करतायत, आणि दोघांपैकी एकाचा मेसेज उशिरा आला की दुसरं मला फोन करून विचारतं, ‘तब्येत बरी हाय न्हवं?’ दिवाळीत बोरगावाहून अण्णाला डबा येतो. काही विचारत नाही तो. खातो.

पण मी सांगत होते ते मांडवाचं. ऊन उतरलं, गाडी दारात लागली, मंगलची ओटी भरली. मी गर्दीत मागे उभी होते, पुढे जायचं धाडस नव्हतं. काकी डोळे पुसत पुसत ओरडली, “रुते! पिशवी कुठाय तुझी?”

“कसली पिशवी?”

“अगं बया! पाठराखीण काय नेसल्या साडीनं जाती व्हय?”

खानापूरची मावसबहीण माझ्याकडे रागाने बघायला लागली. मंगल मुंडावळ्यांतून नाक ओढत म्हणाली, “मी आईला कवाच सांगिटलंतं, रुता न्हाय तर मी बी न्हाय. आईचाच राग उतरायचा राहिला हुता.” मी काही बोलण्याआधी अण्णा घराकडे पळाला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात एकच चप्पल. कापडी पिशवी घेऊन धापा टाकत आला तोवर मला गाडीत बसवलं होतं, आणि चालत्या गाडीत त्याने ती माझ्या मांडीवर टाकली.

बोरगावला पोचलो. नव्या घरात आम्हां दोघींना एक खोली दिली. मंगल माझा हात सोडत नव्हती, एका हातानेच मी पिशवी उघडली. आईचं जुनं लुगडं, माझी दोन पोलकी, परकर एकही नाही, पप्पांचा पंचा, फणी, आणि कशासाठी कोण जाणे, सायकलचा पाना. भावाची ओळख होती मला. मी लुगड्याची घडीन् घडी मोडली, पोलकी झटकली, पंचा उलगडला, पिशवी उलटी करून बडवली. मंगल रडायची थांबून बघत होती. तिला माहीत होतं मी काय शोधतेय. एकसुद्धा गुलाबी पत्रिका नव्हती.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या भावाचं खरंच तारण झालं.